श्रावणातला खिमा

१

रावजी भाटकर जेवता जेवता पडला, आणि पडतानाही हातातला घास त्याने सोडला नव्हता. रत्नागिरीच्या मांडवीत ज्याने त्याने ही गोष्ट अशीच सांगितली. उभा जन्म मचव्यावर काढलेला म्हातारा तांडेल, वादळाला न भ्यालेला माणूस, डॉक्टर जोगळेकरांच्या शेडमध्ये पंगतीत बसला होता. ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या, घशातून शिट्टी वाजायला लागली आणि तो एका कुशीवर कलंडला. सरकारी दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला, नाहीतर त्याची बायको सखू त्याच दिवशी उघडी पडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी शेडचं कुलूप काढलं, तेव्हा सोबत फौजदार महिपत शेट्ये होते आणि नगरपालिकेचे अन्न निरीक्षक आप्पा खातू होते. आप्पांचा धंदाच संशयाचा. दुधात पाणी, हळदीत पिवडी, चहात लाकडाचा भुसा असं शोधण्यात हयात गेलेली. त्यांना गावात कुणी प्रेमाने चहा पाजत नसे, आणि कुणी पाजलाच तर ते आधी वास घेत. नाक मात्र असं, की पातेल्यावरचं झाकण न काढता आत काय शिजतंय ते सांगावं.

डॉक्टरांनी पातेल्याचं झाकण उचललं. कालचा उरलेला खिमा होता. त्यावर चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर सुकट पसरलेली होती.

"बघा!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "शाकाहारी खिमा म्हणून मी लोकांना खाऊ घालतोय, भर श्रावणात, आणि त्या बाईने चवीसाठी त्यात सुकट घातली! तीही पावसाळ्यात दमट होऊन कुजलेली. विष झालं त्याचं."

महिपतने मान डोलवली. बाई म्हणजे मासूमा. शेडमध्ये रांधायला होती. नवरा कुवेतला, दोन मुली घरात. डॉक्टरांनी उजाडताच सुकटीची वर्दी दिली होती, म्हणून ती मघापासून चौकीवर बसून होती, आणि बाहेर रस्त्यावर लोक जमायला लागले होते. कुणी विषाचं बोलत नव्हतं. सगळे एकच विचारत होते, की आमचा श्रावण बुडवला तो कुणी.

आप्पांनी वाकून वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक सुकट दोन बोटांत उचलून त्यांनी कानाशी धरली आणि मोडली. कट्ट असा आवाज झाला आणि बोटांना बारीक वाळू लागली.

"महिपतराव," ते म्हणाले, "त्या बाईला आत टाकायची घाई करू नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

"का हो?"

"अजून मलाच नीट कळलं नाहीये."

२

डॉक्टर जोगळेकर माणूस वाईट नव्हता, हे आप्पांना ठाऊक होतं. विलायतेत शिकून आलेला, छातीच्या दुखण्याची माणसं फुकट तपासणारा. मटणाशिवाय घास न उतरणाऱ्या आणि मटणाने छाती धरलेल्या मंडळींसाठी त्याने हे नवं अन्न काढलं होतं. शेडच्या मागच्या खोलीत पिंपं होती, त्यात काय चालायचं ते कुणाला दिसत नसे. बाहेर यायच्या त्या पांढऱ्या वड्या. चुरून फोडणी दिली की दाताखाली थेट खिम्यासारख्या लागत. चरबी नाही, पोट भरतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, असं डॉक्टर सांगत. श्रावण लागल्यापासून मंडळी रोज दुपारी तिथे जेवत होती. सोमवारी मुंबईहून सरकारी पाहुणे यायचे होते. ते खूष झाले तर मोठा कारखाना उभा राहणार होता.

आप्पा चौकीवर गेले. मासूमा बाकावर ताठ बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती.

"भाभी, खरं सांगायचं. सुकट घातलीत?"

"अल्ला शपथ, नाय. आप्पा, माज्या आळीत निम्मी घरं हिंदूंची. त्यांचा श्रावण मना ठाव नाय? माजी आई श्रावणात आपल्या चुलीवरसुदा सुकट भाजीत नव्हती. शेजारणीला वास जातो म्हणून."

"मग पातेल्यात आली कुठून?"

"मी रावजीभाऊंच्या मागं दवाखान्यात धावले. पातेलं तसंच सोडून. मगे कोण आला, कोण गेला, मना काय म्हायत?"

"किल्ली कुणाकडे?"

"डॉक्टरांकडं. ते काल गुहागरला गेलेले. सांजच्याला आले नि कुलूप लावलान."

आप्पांनी तंबाखूची चंची काढली आणि परत ठेवली. "जेवायला येणाऱ्यांत रावजीशी तुमचं काही वाकडं?"

"त्यांच्याशी?" एवढ्या दुःखातही तिला थोडं हसू आलं. "पयल्या दिवशीच मस्करी झाली आमची. मी खानावळ चालवलेली बाई. नवीन माणूस पानावर बसला की आधी वावडं विचारते. कुणाला वांग्याचं, कुणाला शेंगदाण्याचं. रावजीभाऊ बोलले, मना फक्त अळंबीचं वावडं, बाकी दगड शिजवून घाल. मी हसले. बोलले, हिते कुठली अळंबी! तर डॉक्टर रागावले. बोलले, असलं काय विचारत बसू नका, लोकांच्या मनात नसतं ते भरतं."

"आणि त्या वड्या कशाच्या असतात?"

"धान्याच्या. डॉक्टर बोलले तसं."

बाहेर कुणीतरी चौकीच्या भिंतीवर दगड मारला. मासूमाने दचकून दाराकडे पाहिलं आणि पदर गच्च ओढून घेतला. "आप्पा, पोरी घरात एकट्याच हायत."

३

आप्पा आधी तिच्या आळीत गेले. शेडला लागूनच हौसाचं घर. भंडाऱ्याची बाई, जिभेला हाड नसलेली. पोरींना तिने आपल्या ओटीवर आणून बसवलं होतं, पण मासूमाचं नाव काढताच तोंड वाकडं केलं.

"श्रावण बुडवलान तिनं. माजाच म्हातारा जेवायला जात होता तिकडं."

"हौसाबाय, एक विचारतो. श्रावणात तुम्ही मासळी सोडलीत. त्रास होतो?"

"होतो तर! म्हातारा तर झोपेत पापलेट बडबडतो. नाक कसं हुळहुळतं बगा. परवा एसटीतनं कुणी सुक्या बांगड्याची पिशवी नेली, तर मी अर्ध्या रस्त्यातनं मागं वळून बगितलं."

"मग काल दुपारी या शेडमधून कसला वास आला?"

"खोबरं भाजल्याचा. लसणीचा. गरम मसाल्याचा." हौसा बोलता बोलता थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. "अगो बाय माजे."

"सुकट भाजल्याचा आला?"

"नाय आला. आला असता तर मी भिंतीवरनं वाकून बगितलं असतं. आळी गोळा झाली असती, आप्पा!"

आप्पांनी मान हलवली. वर्षाच्या इतर दिवसांत सुकटीचा वास कुणी मोजत नाही. पण श्रावणात, जिथे प्रत्येक घर नाक धरून बसलेलं असतं, तिथे सुकट चुलीवर चढली आणि कुणाला कळली नाही, हे मांडवीत व्हायचं नाही.

तरी संशय एकावर नसतो. मासूमाचा दीर रमजान मटणाचं दुकान चालवायचा, आणि डॉक्टरांचा खिमा चालला तर मी सुरी कुणावर परजू, असं तो चारचौघांत बोलला होता. आप्पांनी त्याला दुकानात गाठलं. श्रावणामुळे आकडे रिकामेच लटकत होते.

"बोललो, खरं हाय," रमजान म्हणाला. "पण मी काल पंगतीतच व्हतो, रावजीच्या बाजूला. मीबी त्याच पातेल्यातलं खाल्लं."

"तू? मटणवाला?"

रमजानने लाजून छातीवर हात ठेवला. "हिते कळ येते हो. चढण चढवत नव्हती. त्या खिम्यानं हलकं वाटतंय. पयले दिस पोट जरा गुरगुरलं, मगे बरं. पण माज्या दुकानात हे सांगू नका."

"रावजीने तुझ्यापेक्षा जास्त खाल्लं?"

"नाय. चार घास. कालच काय झालं कोण जाणे, रोज तर खायचा. काल आपला शोधत व्हता डॉक्टरांना. बोलला, माजी गोळी ऱ्हायली."

आप्पा दुकानाच्या पायरीवर थबकले. "कसली गोळी?"

४

रावजीचं घर खाडीच्या अंगाला, माडांत. दवाखान्यातून त्याला नुकतंच आणलं होतं आणि तो आतल्या खोलीत झोपला होता. सखू पडवीत शेगडीवर गोधडी शेकत बसली होती.

"वहिनी, ऊन नाही म्हणून शेकताय?"

"नाय हो. कुबट वास मारतो पावसात. ह्यांना सोसत नाय. चपलेला, भिंतीला पांढरं चढलं की ह्यांच्या शिंका सुरू. दम लागतो. भाताच्या वखारीत काम मिळालेलं ते त्यापायीच सोडलं."

"आणि गोळी कसली घेतात?"

"डॉक्टर देतात ती. जेवायच्या आधी. पयल्या दिवशी त्यो खिमा खाल्ला नि जीभ खाजली, व्हट जड झाले. डॉक्टरांना सांगितलं तर बोलले, पचनाचं हाय, ही गोळी घेत जा. रोज आपल्या हातानं देतात. देव माणूस." तिने गोधडी उलटवली. "काल ते गुहागरला गेले नि गोळी ऱ्हायली. आज मात्र येतो बोललेत, दुपारी. नवा खिमा स्वतःच्या घरी करून आणणार. आळीसमोर ह्यांना खाऊ घालणार, म्हणजे लोकांच्या मनातली भीती जाईल."

आप्पांनी घाईने विचारलं, "वहिनी, रावजीला अळंबीचं वावडं कधीपासूनचं?"

"लहानपणचं. आषाढात वारुळावरची अळंबी आणली नि खाल्ली, तोंड एवढं सुजलं की सासूबाय बोलायच्या, पोर जातंय आता. त्यापासून घरात अळंबी शिजत नाय. पण तुमी का विचारता?"

"मी येईपर्यंत त्याला काही खायला देऊ नका," एवढं बोलून आप्पा पायऱ्या उतरले. सखू हाका मारत राहिली, पण त्यांना थांबायला सवड नव्हती. वाटेत भेटलेल्या पोराहाती त्यांनी महिपतला निरोप धाडला, भाभीला घेऊन रावजीकडे या म्हणून.

५

डॉक्टरांचं घर शेडच्या मागे. मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पांनी आत जाऊन एका पिंपाचं झाकण सरकवलं आणि डोळे मिटले. बघायची गरज नव्हती. पहिल्या पावसानंतर वारुळाशी येतो तसा ओला, मातकट, गोडसर वास. पिंपात पांढऱ्या मऊ तंतूंची साय दाटली होती. धान्य नव्हतं ते. धान्यावर वाढवलेली बुरशी होती, अळंबीच्याच कुळातली.

अंगणात माड ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या बुंध्याशी आळं, आणि कडेला तोंड उघडं गोणपाट. आप्पांनी हात घातला. सुकट होती. डोकी, मिशा, कचरा, सगळं तसंच, आणि वाळू मिसळलेली. माडांना घालायचं मासळीचं खत. त्यांनी त्यातली चिमूटभर दातांखाली धरली, वाळू कचकचली तशी थुंकली. सकाळी पातेल्याजवळ हीच वाळू त्यांच्या बोटांना लागली होती.

रत्नागिरीत मासळी खाणारं कुठलंही घर असं करणार नाही. खायची सुकट वेगळी, खताची वेगळी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्या घरात पिढ्यान् पिढ्या मासळी फक्त माडांच्या बुंध्यापर्यंतच आली, त्या घरातल्या माणसाला एका सुकटीचा दुसरीपासून फरक कसा करता यावा? आप्पांना राग आला, आणि त्याहून वाईट वाटलं. कारण ज्याच्यावर आता सगळं येऊन ठेपत होतं तो माणूस खरोखरच लोकांचं भलं करायला निघाला होता.

घरात डॉक्टरांची आई म्हणाली, "अच्युत आत्ताच गेला. डबा घेऊन. रावजीकडे."

६

पडवी माणसांनी भरली होती. महिपत आला होता, आणि आप्पांच्या निरोपावरून मासूमालाही घेऊन आला होता. ती अंगणाच्या कोपऱ्यात उभी. लोकांनी तिच्याभोवती मोकळी जागा सोडली होती, विटाळ झाल्यासारखी.

रावजी उठून बसला होता. समोर ताट. डॉक्टर त्याच्या शेजारी, डब्यातला खिमा वाढत. सखूचा हात मध्ये आडवा. "आप्पा बोलले, थांबा म्हणून."

"अहो, आप्पांना माझ्याएवढं कळतं का?" डॉक्टर हसत होते. त्यांनी खिशातून गोळी काढली. "ही घ्या रावजी, नेहमीची. आणि मग निर्धास्त जेवा."

"डॉक्टर," आप्पा धापा टाकत अंगणातूनच म्हणाले, "आज गोळी नको. तशीच वाढा."

डॉक्टरांचा हात तिथेच राहिला.

"खिमा शुद्ध आहे ना? सुकट नाही, मासूमाभाभीचा हात नाही. तुमच्या आईने केलाय. मग पचनाची गोळी एक दिवस राहिली तर काय बिघडतं? भरवा पहिला घास."

"आप्पा, तुम्ही उगाच..."

"मी सांगतो मी काय पाहिलं ते, चुकलो तर थांबवा." आप्पा पडवीच्या कठड्याला टेकले. "पातेल्यातली सुकट आज सकाळी कुरकुरीत होती. मी मोडून पाहिली. काल दुपारपासून ओल्या खिम्यावर पडलेली सुकट या हवेत भिजून लगदा व्हायला हवी होती. म्हणजे ती आज घातली गेली, आणि किल्ली एकाच माणसाकडे होती. तिला डोकी होती, मिशा होत्या, वाळू होती. भाभी, तुम्ही सुकट कशी करता?"

"डोकी काढून, निवडून, धुऊन, भिजवून, मगे भाजून," मासूमा कोपऱ्यातून म्हणाली.

"काल ती भाजली असती तर श्रावणातल्या या नाकांनी शेडचं छप्पर उचललं असतं. हौसाबाय आहेत साक्षीला. ती सुकट कुणी रांधलीच नव्हती. ती तुमच्या माडांची आहे, डॉक्टर."

कुणीतरी शिवी हासडली. महिपतने हात वर करून गप्प केलं. आप्पा बोलत राहिले, पण आता लोकांशी नाही, एकट्या डॉक्टरांशी.

"पण सुकटीचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. गोळीचं सोडवत नाही. पहिल्याच दिवशी याची जीभ खाजली, ओठ जड झाले. तुम्ही ओळखलंत. वावडं दाबणाऱ्या गोळीखाली झाकलंत आणि रोज वाढत राहिलात. काल तुम्ही नव्हता, गोळी नव्हती, आणि हा पडला. मी चूक बोलत असेन तर सोपं आहे. भरवा घास, गोळीशिवाय."

रावजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. त्याला काही उमगलं नव्हतं. चांगल्या मनाचा माणूस, भांडण मिटावं म्हणून त्याने आपणच हात ताटात घातला. "अरे, त्यात काय येवढं? खातो मी." आणि घास उचलला.

डॉक्टरांनी झडप घातली. ताट अंगणात जाऊन पडलं, घास रावजीच्या हातातून त्यांनी अक्षरशः ओरबाडून काढला. मग ते खाली बसले, खिम्याने भरलेला हात तसाच मांडीवर ठेवून.

"नको," ते म्हणाले. "रावजी, नको."

आप्पा पायऱ्या चढून त्यांच्यापुढे आले.

"हे कशाचं आहे ते सांगा आता," आप्पा म्हणाले. "तुमच्या तोंडाने."

"बुरशी," डॉक्टर खालमानेने म्हणाले. "चांगली, खायची बुरशी. विष नाही. बाकीच्यांना फायदाच झालाय, हवं तर विचारा. पण बुरशी म्हटलं असतं तर एकानेही तोंडात घातली नसती. हजारात एखाद्याला सोसत नाही. मला वाटलं, गोळीने निभेल. सोमवारी पाहुणे... एका माणसासाठी सगळं बुडेल असं वाटलं मला."

"तो एक माणूस माजा हाय," सखू म्हणाली. ती ओरडली नाही. शेगडीवरची अर्धी शेकलेली गोधडी तिने उचलली आणि रावजीच्या पाठीवर टाकली.

महिपतने डॉक्टरांना उठवलं. जाताना ते मासूमाच्या पुढ्यात थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती अंगणात सांडलेल्या खिम्याकडे बघत होती.

"बाकीच्यांना बरं वाटलं असेल तर तेही खरं," आप्पा तिच्याजवळ येऊन पुटपुटले. "रमजानची छाती हलकी झाली, तो खोटं बोलणार नाही. दोन्ही सांगायला हवं होतं, एवढंच."

मासूमाने ऐकलं की नाही कोण जाणे. "मी विचारलं व्हतं, आप्पा. एकेकाला वावडं विचारलं व्हतं. रावजीभाऊंनी सांगितलं, अळंबी. नि मी हसले. आणि रोज ह्याच हातानं वाढत ऱ्हायले, अजून घ्या, अजून घ्या करत."

आता मात्र ती रडली. हौसा पुढे आली, अवघडून उभी राहिली, आणि मग मासूमाचा हात धरून तिला पडवीच्या पायरीवर बसवलं. पाणी आणलं. लोक एकेक करून पाठ फिरवून निघून गेले. सकाळी दगड मारणाऱ्यांतला एकही माफी मागायला थांबला नाही.

रावजी गोधडीत गुरफटून तिच्याकडे बघत होता. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"भाभी, रडू नको गो. श्रावण सरू दे. तुज्या हातची सुकट खायला येतो. धुतलेली."

मासूमाने पदराने तोंड पुसलं आणि मान वर केली. "या," ती म्हणाली. "वावडं कशाचं?"

"म्हायत नाय तुला?"

"तुमी सांगा. परत सांगा."

"अळंबीचं," रावजी म्हणाला.

मासूमाने मान हलवली. या वेळी ती हसली नाही.